सोयाबीनवरच्या किडी: ठाणे-नवी मुंबईत राहून गावचं शेत सांभाळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी घणसोलीत राहतो. शेत लातूर जिल्ह्यात, अहमदपूर तालुक्यात. दरवर्षी सोयाबीन आणि त्यात तुरीचे तास, म्हणजे ओळी. थोरले भाऊ शेत बघतात. मी पेरणीला जातो, राशीला म्हणजे मळणीला जातो, मधल्या काळात जमेल तसा शनिवार-रविवार गाठतो. जुलै संपता संपता कोपरखैरणे, ऐरोली, दिघा, कळवा भागातल्या आमच्याकडच्या माणसांचे फोन आणि फोटो यायला लागतात. प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

ठाणे जिल्हा भाताचा. इथं सोयाबीनच्या किडींची चर्चा कशाला?

शेत तिकडे असलं तरी शेताचा निर्णय बऱ्याचदा इथून होतो. बियाण्याचे, औषधाचे पैसे इथून जातात आणि "काय मारू?" हा फोनही इथंच येतो. लातूर, नांदेड, हिंगोली, वाशिमची कितीतरी माणसं मार्केटमध्ये, कंपन्यांमध्ये, रिक्षावर काम करतात आणि गावी चार-पाच एकर सोयाबीन असतं. रात्रीची लातूर एक्स्प्रेस ठाण्याला पकडली की माणूस सकाळी गावाकडे पोहोचतो, पण दर आठवड्याला कोण जाणार? म्हणून लांबून शेत कसं बघायचं, हाच खरा प्रश्न आहे.

गावाहून फोन येतो, "अळी पडलीय, काय मारू?" त्यावर काय सांगायचं?

औषधाचं नाव सांगू नका. आधी विचारा: कुठली अळी, किती, आणि पीक किती दिवसांचं झालंय? "लई पडलीय" हे उत्तर चालत नाही. मी भावाला सांगतो ती पद्धत अशी. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून बघायचं नाही, तासात शिरायचं. शेतात आडवंतिडवं चालत पाच ठिकाणं धरायची. प्रत्येक ठिकाणी दोन तासांच्या मध्ये खताचं रिकामं पोतं अंथरायचं आणि एक मीटर लांबीच्या ओळीतली झाडं पोत्यावर वाकवून हलक्या हातानं झटकायची. पडलेल्या अळ्या मोजायच्या. पाच ठिकाणचे पाच आकडे मला पाठवायचे.

फोटो मागवा, पण अख्ख्या शेताचा नको. हिरवंगार रान दिसतं आणि कळत काहीच नाही. पानाच्या खालच्या बाजूचा एक, सुकलेल्या फांदीचा जवळून एक, आणि खोड मधोमध उभं चिरून त्याचा एक. या तीन फोटोंवरून निम्म्याहून जास्त निदान होतं.

मोजल्यावर पुढे काय? किती अळ्या म्हणजे जास्त?

याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. साध्या भाषेत, इथून पुढे कीड खाईल त्याची किंमत फवारणीच्या खर्चाहून जास्त होणार, ती रेषा. तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीसाठी मीटरभर ओळीत ३ ते ४ लहान अळ्या. उंटअळीसाठी फुलोऱ्याआधी ४ लहान अळ्या, फुलोरा सुरू झाला की आकडा दोन-तीनवर येतो. चक्रीभुंग्यासाठी शंभरातली ३ ते ५ कीड लागलेली झाडं आणि खोडमाशीसाठी १० ते १५ झाडं. या किडी ओळखायच्या कशा ते पुढे सांगतो.

आकडा याच्या खाली असेल तर थांबा आणि चार दिवसांनी पुन्हा मोजा. सोयाबीन सोशिक पीक आहे. फुलोऱ्याआधी चौथा हिस्सा पानं गेली तरी ते नवीन पानं काढून सावरतं. शेंगा भरताना मात्र तेवढी मुभा नसते, तेव्हा पान गेलं की दाण्याचं वजन गेलं. म्हणून जुलैत पानाला चार भोकं दिसल्यावर घाबरून पंप उचलणं आणि सप्टेंबरात "आता काय, पीक आलंच" म्हणून शेतात न जाणं, दोन्ही नुकसानीचं.

महाराष्ट्रात ही मोजणी गावपातळीवर कशी आली, तेही माहीत असावं. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात पानं खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीनचा फडशा पाडला. त्यानंतर २००९ पासून कृषी विभागानं क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू केला. त्यातून गावांसाठी सल्ले निघतात. तुमच्या गावच्या कृषी सहायकाचा (आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात) नंबर फोनमध्ये नसेल तर आजच घ्या.

मधेच एखादी फांदी सुकून लोंबते, बाकी झाड हिरवं. हे काय आहे?

बहुतेक चक्रीभुंगा. सुकलेली फांदी वा पानाचा देठ हातात घ्या आणि खाली बोट फिरवा. एक-दीड सेंटिमीटरच्या अंतरानं दोन गोल खाचा लागतील, सुरीनं कोरल्यासारख्या. खालच्या खाचेजवळ बारीक छिद्रं दिसतात. मादी तिथं अंडं घालते. दोन चक्रांमुळे वरचा अन्नरस तुटतो म्हणून वरचा भाग सुकतो. अंड्यातून निघालेली अळी आतून पोखरत खोडात उतरते. पूर्ण वाढली की जमिनीपासून वीतभर उंचीवर खोड आतून कापते आणि भरल्या शेंगांचं झाड वाऱ्यानं आडवं होतं. लोक वाऱ्याला दोष देतात.

भुंगा स्वतः साधारण एक सेंटिमीटरचा, डोकं-छाती तांबूस नारिंगी, पंखांचा मागचा भाग काळसर, मिशा जवळजवळ शरीराएवढ्या लांब.

इलाजाची खरी वेळ म्हणजे चक्रं दिसायला लागतात ते पहिले आठ-दहा दिवस. शेत दोन-चार एकरांचं असेल तर सुकलेले शेंडे खालच्या चक्राच्या खालून मोडून गोळा करा आणि बांधाबाहेर नेऊन नष्ट करा. अंडी-अळी त्यातच असते. दर आठवड्याला एक फेरी. आमच्याकडे वहिनी खुरपणीच्या बायकांना सोबत पिशवी देतात, वेगळी मजुरी लागत नाही. अळी एकदा मुख्य खोडात उतरली की फवाऱ्याचं औषध तिच्यापर्यंत धड पोहोचत नाही. पातळी ओलांडली असेल तर क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल १८.५ टक्के एकरी ६० मिली, किंवा थायामिथोक्झाम १२.६ टक्के + लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ९.५ टक्के हे तयार मिश्रण एकरी ५० मिली. दोनपैकी एक.

झाड वरून चांगलं दिसतं, पण शेंगा कमी आणि दाणा बारीक. असं का?

खोड चिरून बघितलं का? ही खोडमाशी असू शकते, आणि माझ्या मते सोयाबीनची सगळ्यात फसवी कीड हीच. माशी जेमतेम दोन मिलिमीटरची, काळी, चमकदार. पानात अंडी घालते. पिवळसर बारीक अळी शिरेतून देठात आणि देठातून खोडात जाते. ब्लेडनं खोड उभं चिरलं की मधल्या गाभ्यात लालसर, नागमोडी वाट दिसते, गंज धरलेल्या पाइपसारखी. रोप दहा दिवसांचं असताना अळी शिरली तर ते मरतं. मोठ्या झाडात शिरली तर झाड उभं राहतं, हिरवं दिसतं, फक्त फुलं-शेंगा कमी आणि दाणा हलका.

एका वर्षी आम्ही यात फसलो. भावानं फोनवर सांगितलं, "झाडं मलूल दिसतात." मी इथून कामाच्या गडबडीत म्हणालो, "दुकानात विचारून काहीतरी मार." दुकानदारानं अळीचं औषध, बुरशीनाशक आणि टॉनिक अशा तीन बाटल्या दिल्या. भावानं तिन्ही एकत्र करून मारल्या. पंधरा दिवसांनी मी गेलो, बांधावर बसून झाडं उपटली, चिरली. दहातल्या चार खोडांत लाल वाट होती, काहींत अळी बाहेर पडून गेल्याचं छिद्रसुद्धा होतं. पैसे गेले आणि कीड आपलं काम करून मोकळी झाली. त्या दिवसापासून आमच्या घरी खोड चिरल्याशिवाय औषध येत नाही.

खोडमाशीचा बंदोबस्त पेरणीच्या दिवशीच सुरू होतो.

मग बीजप्रक्रिया कशी करायची?

क्रम लक्षात ठेवा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू खत. बुरशीनाशक म्हणून कार्बोक्झिन + थायरम, बियाण्याच्या किलोला ३ ग्रॅम. नंतर थायामिथोक्झाम ३० टक्के एफएस किलोला १० मिली. बियाणं सावलीत सुकवायचं आणि पेरणीच्या तोंडावर रायझोबियम हे जिवाणू खत लावायचं. आधी जिवाणू लावून वरून औषध चोळलं तर जिवाणू मरतात. सोयाबीनची साल पातळ असते, जोरात रगडली की सुटते आणि उगवण घटते, तेव्हा हात हलका ठेवा. पिशवीतलं बियाणं कंपनीनं आधीच प्रक्रिया केलेलं असेल तर लेबल वाचा, तेच औषध पुन्हा लावू नका.

पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच. बियाणं एकरी ३० किलो पुरतं. काहीजण चाळीस-पन्नास किलो टाकतात, मग ऑगस्टमध्ये झाडात झाड घुसतं, आत ऊन-वारा जात नाही, फवाराही जात नाही आणि अळीला घर मिळतं. युरियाचा जास्तीचा डोस देऊन रान काळंभोर करण्यानंही हेच होतं.

उंटअळी आणि तंबाखूवरची अळी, दोन्ही हिरव्याच. ओळखायच्या कशा?

चाल बघा. उंटअळी पाठ कमानीसारखी उचलत चालते, त्यावरूनच नाव पडलं. ती एकटीदुकटी सगळ्या शेतात विखुरलेली असते. तंबाखूवरची अळी सुरुवातीला घोळक्यानं राहते. मादी पतंग पानाखाली पुंजक्यानं अंडी घालते आणि त्यावर पिवळसर तपकिरी केस चिकटवते. पिल्लं त्या एकाच पानाचा हिरवा भाग खरवडून खातात आणि पान पांढरट जाळीसारखं होतं. हिरव्या रानात ते लांबूनही दिसतं. ते जाळीदार पान खुडून साबणाच्या पाण्यात टाकलं की शेकडो अळ्या एका झटक्यात संपतात. एवढ्या स्वस्त इलाजाची संधी फक्त दोन-चार दिवस असते. नंतर अळ्या पांगतात, मोठ्या होतात, दिवसा जमिनीत वा पाल्याखाली दडतात आणि रात्री खातात. म्हणून मोठ्या अळीवर फवारणी संध्याकाळी करावी.

औषधाची वेळ आलीच तर इंडोक्साकार्ब १५.८ टक्के एकरी १३३ मिली, किंवा वर सांगितलेलं क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल. एकदा मारलेलं औषध त्याच हंगामात पुन्हा पुन्हा नको, अळी सरावते.

काही अळ्या पानावर पांढऱ्या, कडक होऊन चिकटल्यात. नवीन रोग आहे का?

रोग आहे, पण अळीचा! हा फोटो आला की मला मनापासून बरं वाटतं. ढगाळ, दमट हवेत नोमुरिया नावाची बुरशी अळ्यांना लागते. अळी पानाला धरून तशीच मरते, खडूच्या तुकड्यासारखी पांढरी होते, पुढे त्यावर फिकट हिरवी भुकटी येते. अशा अळ्या दिसल्या तर फवारणी थांबवा, बुरशीनाशक तर मुळीच मारू नका. चार दिवस बघा, बऱ्याचदा कीड आपोआप आटोक्यात येते. हीच बुरशी भुकटीच्या रूपात मिळते. १० लिटर पाण्याला ४० ग्रॅम, अळ्या लहान असताना, हवेत ओल असताना संध्याकाळी मारायची. कडक उन्हात तिचा उपयोग होत नाही.

पानं पिवळी-हिरवी ठिपक्यांची झाली. लोक "येलो आला" म्हणतात. कोणतं औषध?

पिवळा मोझॅक हा विषाणू आहे आणि विषाणूवर औषध नाही. तो पसरवते पांढरी माशी, तिला आवरायचं. सुरुवातीची पाच-दहा झाडं दिसताच उपटून गाडून टाका. त्या झाडांचा मोह धरू नका. पिवळे चिकट सापळे पिकाच्या उंचीच्या जरा वर लावा आणि बांधावरचं तण काढा. माशी वाढलीच तर थायामिथोक्झाम-लॅम्बडाचं वरचं मिश्रण त्याच प्रमाणात. पिवळेपणा सगळीकडे सारखा असेल, पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर ती लोहाची कमतरता किंवा साचलेलं पाणी असू शकतं. त्यावर कीटकनाशक म्हणजे पैसे पाण्यात.

दुकानदार तीन-चार औषधं एकत्र मारायला सांगतो. मारू का?

नाही. लेबलवर पिकाचं आणि किडीचं नाव असेल तेच औषध घ्या, एका वेळी एकच, आणि पक्कं बिल मागा. घरच्या घरी केलेल्या मिश्रणानं पानं करपतात, काही औषधं एकमेकांचा असर मारतात, आणि कशानं काय झालं ते कळत नाही. तयार मिश्रण वेगळी गोष्ट, ते तपासून नोंदवलेलं असतं.

इथं आणखी एक चूक फार होते. औषध पंपावर, म्हणजे फवारणी पंपाच्या टाकीवर मोजतात. औषध एकरावर मोजा. एकरी ६० मिली असेल आणि साध्या पंपानं एकराला बारा पंप लागत असतील तर पंपाला ५ मिली. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपानं पाचच पंपांत एकर उरकत असेल तर पंपाला १२ मिली. पंप बदलला आणि टोपण तेच राहिलं की औषध निम्म्याहून कमी पडतं, मग म्हणतात औषध डुप्लिकेट होतं.

फुलोऱ्यात फवारलं तर फुलं गळतात का?

सोयाबीनची निम्म्याहून जास्त फुलं तशीही गळतात, हा त्या पिकाचा स्वभाव. त्याला घाबरून टॉनिक मारू नका. पातळी ओलांडली असेल तर फुलोऱ्यातही फवारावं लागतं, फक्त मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी.

निंबोळी अर्क, सापळे यांचा खरंच उपयोग होतो का?

वेळेवर केलं तर होतो. ५ किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी गाळून त्यात २०० ग्रॅम साबणाचं पाणी घालायचं आणि एकूण १०० लिटर करायचं. हा ५ टक्के अर्क. माश्या-पतंग अंडी घालायला बिचकतात आणि लहान अळ्यांचं खाणं मंदावतं. हातभर अळी झाल्यावर अर्क मारून "काही फरक नाही" म्हणणं बरोबर नाही. कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) एकरी दोन, रोज पतंग मोजायला. सलग दोन-तीन दिवस सापळ्यात आठ-दहा पतंग आले की आठवड्याभरात अळी येणार असं समजा. इंग्रजी टी अक्षरासारखे पक्षी थांबे एकरी आठ-दहा. साळुंक्या, कोतवाल फुकट काम करतात. कडेनं एरंडीची रोपं लावली तर तंबाखूवरची अळी आधी तिथं अंडी घालते, पण ती पानं रोज बघून खुडायला हवीत, नाहीतर तीच कीड वाढवायची जागा होते.

शंखी गोगलगाय कशानं मरते?

ती कीटक नाही, म्हणून कीटकनाशकाच्या नेहमीच्या फवारणीनं मरत नाही. पावसाळ्यात आपल्या सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर जी मोठी तपकिरी शंखाची गोगलगाय चढलेली दिसते, तीच ही, आफ्रिकी. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागात हिनं उगवतं सोयाबीन एका रात्रीत साफ केलं, दुबार पेरणी करावी लागली. ती रात्री खाते आणि दिवसा बांधावर, दगडाखाली लपते. संध्याकाळी शेतात ओली पोती पसरा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या पाण्यात टाका. बांधाकडेनं चुन्याचा पट्टा ओढा. मेटाल्डिहाईडच्या गोळ्या एकरी २ किलो, पण कुत्री, जनावरं, कोंबड्या तिकडे जाणार नाहीत अशी व्यवस्था करूनच. आणि हे एकट्याच्या शेताचं काम नाही. शेजारच्यानं केलं नाही तर त्या परत येतात. भावकीतला बांधाचा वाद असला तरी यासाठी फोन करा.

फवारणारा माणूस म्हणतो, "काही होत नाही, मी रोज मारतो." काय करावं?

इथं मी हट्ट धरतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि चष्मा हे सगळं औषधाच्या बाटलीसोबतच पाठवा. मी वाशीहून नेतो, तिकडे दुकानात बऱ्याचदा नसतं. वाऱ्याच्या दिशेनं फवारा, दुपारच्या उन्हात फवारू नका, तोंडानं नोझल फुंकू नका, मध्येच तंबाखू मळू नका. बाटलीवरचा त्रिकोण बघा: लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली की घरगुती उपाय न करता थेट दवाखाना, आणि बाटली सोबत न्या, डॉक्टरांना लेबल लागतं. रिकामी बाटली घरात पाण्याला, तेलाला वापरू नका.

ड्रोननं फवारणी करावी का?

चिखलात चालता येत नाही तेव्हा सोयीची आहे. पाणी फार कमी लागतं, म्हणून प्रमाण वेगळं असतं. चालवणारा शिकलेला हवा, आणि शेजारच्या शेतात रेशीमकिड्यांसाठीची तुती वा मधपेट्या असतील तर आधी सांगा.

वाण बदललं तर कीड कमी होईल का?

थोडाफार फरक पडतो. जेएस ३३५ हे १९९४ मध्ये आलेलं वाण अजून लोक पेरतात. परभणी विद्यापीठाची एमएयूएस मालिका, सांगलीच्या कसबे डिग्रजचं फुले संगम म्हणजे केडीएस ७२६, असे पर्याय आहेत. पण कुठलंच वाण सगळ्या किडींना पुरून उरत नाही. आपल्या जमिनीला आणि पावसाला सोसेल ते निवडा, आणि सगळ्या रानात एकच वाण नको.

अडलं तर विचारायचं कुणाला?

किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात झाड उपटून नेलंत तर जास्त चांगलं.

रास झाल्यावर काही करायचं असतं का?

चक्रीभुंग्याची अळी कापलेल्या खोडाच्या तुकड्यात आणि धसकटात पुढच्या पावसापर्यंत झोपून राहते. धसकटं वेचा. मे महिन्यात सुट्टीला गावी जाल तेव्हा खोल नांगरट झालीय का ते स्वतः बघा, वर आलेले कोष उन्हानं आणि पाखरांनी संपतात. हुमणीचा, म्हणजे जमिनीत मुळं खाणाऱ्या अळीचा त्रास असेल तर पहिल्या वळवानंतर संध्याकाळी बांधावरच्या कडुलिंबाखाली, बाभळीखाली जा, फांदी हलवून पडणारे हुमणीचे तपकिरी भुंगे रॉकेलमिश्रित पाण्याच्या बादलीत गोळा करा. हे भुंगे वर्षातून एकदाच निघतात, चार-सहा संध्याकाळी. त्या आठवड्याची रजा मी एप्रिलमध्येच टाकून ठेवतो.